नापाची वाइन टेक्सासच्या घरी मागवताना

कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीतली वाइन टेक्सासच्या घरी मागवायची असेल तर वाइनरीला, म्हणजे वाइन बनवणाऱ्याला, आधी विचारा, ‘तुमच्याकडे टेक्सासचा परवाना आहे का?’ कॅलिफोर्नियाचा परवाना पुरत नाही. अमेरिकेत १९३३च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने देशव्यापी दारूबंदी उठली, पण दारूचे नियम राज्यांच्या हाती गेले. त्यामुळे खोकं जिथे उतरणार तिथला परवाना लागतो, करही तिथलाच.

२००५ साली ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५-४ मतांनी ठरवलं की राज्याने आपल्या वाइनरींना घरपोच विक्रीची मुभा द्यायची आणि परराज्यातल्यांना नाकारायची, हा दुजाभाव चालणार नाही. सरसकट बंदी मात्र घालता येते. युटा राज्यात वाइनरीला थेट घरी वाइन पाठवता येत नाही. शिवाय परराज्यातल्या दुकानांना बहुतेक राज्यांनी हा रस्ता खुला केलेला नाही. हे मला साफ चुकीचं वाटतं. परदेशी वाइन, अगदी नाशिकचीसुद्धा, आयातदार आणि दुकानांमार्फतच मिळते, म्हणजे तिच्या ग्राहकाला ही सोय जवळपास नाहीच.

किती मागवता येईल याचंही बंधन आहे. टेक्सासमध्ये एका वाइनरीकडून एका ग्राहकाला महिन्याला ९ गॅलन, म्हणजे ७५० मिलीच्या सुमारे ४५ बाटल्या, आणि वर्षाला ३६ गॅलन. व्हर्जिनियात महिन्याला २ केस. एक केस म्हणजे १२ बाटल्या, ९ लिटर.

घोटाळा होतो तो बहुधा दारात. खोकं घेताना २१ वर्षांवरच्या माणसाने ओळखपत्र दाखवून सही करावी लागते. शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवून जाणं चालत नाही. सहसा तीन फेऱ्यांनंतर खोकं परत जातं आणि तोवर ते उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत फिरलेलं असतं. उष्णतेने वाइन फुगते, बूच वर सरकतं, चव बिघडते. म्हणून पत्ता ऑफिसचा द्या, नाहीतर थंडी पडेपर्यंत माल रोखून ठेवायला सांगा.

स्वतः पार्सल करून भावाला पाठवायचा विचार सोडा. सरकारी टपालात दारू चालत नाही. यूपीएस आणि फेडेक्स या खासगी कुरियर कंपन्या फक्त करार केलेल्या परवानाधारकांकडून घेतात. विमानाने जाणार असाल तर २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बाटल्यांना चेक-इन सामानात केंद्रीय सुरक्षा नियमांची संख्यामर्यादा नाही. त्याहून कडक, ७० टक्क्यांपर्यंतच्या दारूला माणशी ५ लिटर, तीही सीलबंद.