न्यू जर्सीला वाइन मागवायची? आधी गॅलन विचारा

कॅलिफोर्नियातल्या वायनरींच्या नापाला जाणाऱ्या न्यू जर्सीच्या एडिसनकरांनो, वाइन चाखायला टेस्टिंगला बसण्याआधी एवढं विचारून घ्या: तुमच्याकडे वर्षाला वाइन किती बनते? आकडा २,५०,००० गॅलनच्या वर गेला, तर ती वायनरी न्यू जर्सीत तुमच्या घरी एक बाटलीही पाठवू शकत नाही. आमच्या राज्याने २०१२ मध्ये घातलेली ही अट. छोट्या वायनरीकडून मात्र वर्षाला १२ केस, म्हणजे १४४ बाटल्या खुशाल मागवा!

मी जिच्यावर भाळले ती एका बड्या वायनरीची काबर्ने ही रेड वाइन फक्त टेस्टिंग रूममध्येच मिळते. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरता भरता राज्य विचारलं आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. त्याच कंपनीची स्वस्तातली वाइन आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने असते, कारण ती होलसेलरमार्फत येते.

खरी मेख तिथेच आहे. १९३३ मध्ये २१व्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि दारूचा कारभार राज्यांकडे गेला. बहुतेक राज्यांनी उत्पादक, होलसेलर, दुकानदार अशी साखळी बांधली. थेट विक्री झाली की मधल्याचं काय? (मी मूळची नाशिकची, दारू हा राज्यांचा विषय म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको.)

२००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी मिशिगन आणि न्यूयॉर्कला फटकारलं: आपल्या वायनरींना घरपोच विकू देता, तर बाहेरच्यांनाही द्या. मग राज्यांनी गॅलनची पळवाट शोधली. मॅसॅच्युसेट्सने ३०,००० गॅलनच्या वरच्यांना वेगळे, जाचक नियम लावले. त्यांची स्वतःची एकही वायनरी एवढी मोठी नव्हती, हा काय योगायोग? अपील कोर्टाने २०१० मध्ये तो कायदा हाणून पाडला.

एका छोट्या वायनरीने पाठवलेला खोका मात्र आला. अमेरिकी पोस्टातून दारू पाठवता येत नाही, म्हणून खासगी कुरिअर, आणि सही २१ वर्षांवरच्या माणसाचीच. दुपारी घरी फक्त आई. बहात्तर वर्षांच्या बाईकडे त्या पोराने वयाचा पुरावा मागितला! तिने पासपोर्ट दाखवला आणि ठसठशीत देवनागरीत सही ठोकली.

काबर्नेच्या दोन बाटल्या मी टॉवेलात गुंडाळून चेक-इन बॅगेतून आणल्या होत्या. वाइनमधलं अल्कोहोल २४ टक्क्यांच्या आत असलं की विमानतळावर कुणी बाटल्या मोजत बसत नाही, बॅगेचं वजन तेवढं बघतात.