परत फिरलेल्यांचा रकाना

१५ मार्च २०२४, रमजानचा पहिला शुक्रवार. वेस्ट बँकेतून जेरुसलेमकडे जाणाऱ्या वाटेवरच्या कलांदियाच्या इस्रायली लष्करी नाक्यावर, रामल्लाच्या बाजूने, नमाजाला निघालेल्यांपैकी आत सोडलेल्यांच्या आणि परत पाठवलेल्यांच्या मोजणीला आम्ही उभे होतो. जुम्म्याची नमाज बाराच्या सुमारास, त्यामुळे गर्दीचा जोर आठ ते साडेअकरा. उत्तरेच्या जेनिन-नाब्लसकडची माणसं सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, करून, पहाटेची नमाज पढून पिवळ्या शेअर गाड्यांतून निघालेली असतात. नाका ओलांडला तरी जेरुसलेममधली अल-अक्सा मशीद आणखी दहा-अकरा किलोमीटर राहते, आणि पलीकडच्या बसलाही रांग असते.

मोजायचं म्हणजे नुसतं उभं राहायचं असं नव्हे. अंगठ्याने दाबायचे दोन गणक असतात: उजव्या हातात आत गेलेले, डाव्या हातात परत आलेले. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा, पण गणक शून्यावर आणायचा नाही. आणला की मधली चूक नंतर सापडत नाही. परत पाठवलेली बाई अर्ध्या तासाने दुसऱ्या रांगेतून पुन्हा प्रयत्न करते आणि पुन्हा परत येते. म्हणून डाव्या हातातला आकडा माणसांचा नसतो, नकारांचा असतो. अहवाल वाचणारे हे विसरतात आणि ‘इतके लोक परत पाठवले’ असं लिहून मोकळे होतात. मला याचा मनापासून राग येतो.

वेस्ट बँकेतून नमाजाला कुणाला सोडायचं याचे इस्रायलचे त्या वर्षीचे नियम जाहीर झाले तेव्हा सगळ्यांच्या लक्षात वय राहिलं: पुरुष ५५ च्या वरचे, बायका ५० च्या वरच्या, मुलं दहाच्या आतली. २०२३ च्या रमजानात बायकांना वयाची अट नव्हती. पण वय ही फक्त पहिली पायरी. त्यानंतर मॅग्नेटिक कार्ड, म्हणजे इस्रायली प्रशासनाने दिलेलं ओळखीचं कार्ड, चालू मुदतीचं हवं आणि त्यावर परवाना, म्हणजे तसरीह, मंजूर झालेला हवा. अर्ज करायचा तो अल-मुनस्सिक नावाच्या मोबाइल ॲपवरून. वयात बसणारी कितीतरी माणसं हिरव्या कव्हरातलं ओळखपत्र तेवढं घेऊन आली होती. आदल्या वर्षी ५५ च्या वरच्या पुरुषांना वेगळा परवाना लागत नव्हता, त्यामुळे साठी-सत्तरीच्या माणसांना त्यात काही चुकल्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं.

रांग का तुंबते, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रोजची वाट लोखंडी फिरत्या दारांतून जाते. लोक त्या दाराला ‘मआता’ म्हणतात, म्हणजे कोंबडीची पिसं काढायचं यंत्र. रमजानच्या शुक्रवारी बाहेर तात्पुरते कठडे लावून बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी करतात. रुंद घोळका अरुंद पट्टीत शिरतो तिथे दाब वाढतोच, पण खरी अडचण परतीची आहे. परत पाठवलेल्या माणसाला वेगळी वाट नाही. ज्या पट्टीतून तो आला त्याच पट्टीतून, समोरून येणाऱ्या गर्दीला कापत त्याला मागे यायचं असतं. त्यामुळे एका नकारासाठी अख्खी रांग थांबते. एक मीटर रुंदीची परतवाट ठेवली तरी निम्मा त्रास वाचेल. इतक्या वर्षांत ती कुणाला सुचली नसेल, हे मला पटत नाही.

वेगळ्या रांगांचा आणखी एक परिणाम मी दर शुक्रवारी पाहतो. फोन बहुधा घरात एकाचाच, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, आणि दोघांचे परवाने त्याच फोनमध्ये. बाई बायकांच्या रांगेत पुढे पोचते तेव्हा तिच्या हातात दाखवायला काही नसतं. सैनिकाकडच्या यंत्रणेत ओळखपत्राचा क्रमांक टाकून परवाना सापडू शकतो, पण घाईत तो शोधलाच जाईल याची खात्री नाही. गर्दीत नेटवर्कही बसतं. म्हणून जाणकार माणसं आदल्या रात्री परवान्याचा कागद छापून घेतात आणि प्रत्येकाकडे त्याचा त्याचा कागद देतात. सोबत लहान मूल असेल तर जन्मदाखला लागतो, कारण ओळखपत्र सोळाव्या वर्षी मिळतं. नातवाला घेऊन आलेल्या आजीकडे तो दाखला बहुतेक वेळा नसतो. तो मुलाच्या आईच्या कपाटात असतो.

साडेनऊच्या सुमारास ती बाई परत आली. अंगात भरतकाम केलेला काळा थोब, म्हणजे पायघोळ झगा, खांद्यावर घडी केलेली जानमाज, नमाजाची चटई. वय ४९, पन्नासाला सात महिने कमी. नवरा एकसष्टचा, परवाना असलेला, पुरुषांच्या रांगेतून केव्हाच पलीकडे गेला होता. एकदा आत गेलेला माणूस त्याच वाटेने उलटा येऊ शकत नाही. परतीचा रस्ता दुसरीकडून वळसा घालून येतो. रेड क्रेसेंट या मदतसंस्थेच्या तंबूपाशी एका स्वयंसेवकाने तिला सावलीत खुर्ची दिली. “बसा, हज्जे,” तो म्हणाला. तिने फोन मागून घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, तुम्ही जा, माझ्यासाठीही दुआ करा. तो पलीकडे थांबून राहिला होता. दोन-तीनदा तेच सांगावं लागलं, तेव्हा तो बसकडे गेला.

तिची नोंद करताना मी अडलो. कारणांसाठी आमच्या तक्त्यात सहा रकाने होते: वय, परवाना नाही, कार्डाची मुदत संपलेली, सुरक्षेच्या कारणाने मनाई, मुलाचा दाखला नाही, इतर. खूण एकाच ठिकाणी करायची. मी ‘वय’ वर केली. संध्याकाळी गोषवारा करणाऱ्या सहकाऱ्याने ती ‘परवाना नाही’ मध्ये टाकली, कारण परवाना तिच्याकडे नव्हता हेही खरंच. पण वयाच्या अटीमुळे ती अर्जाला पात्रच नव्हती. ‘परवाना नाही’ या शब्दांत तिने काहीतरी करायचं राहून गेलं, असा अर्थ आपोआप येतो. सहकारी कामाला चोख आहे, पण तक्त्यात बसेल तेच खरं धरायची त्याला सवय लागली आहे. या एका खुणेवरून आम्ही तासभर बोललो.

आणखी एक नोंद सुटलीच. दहानंतर, परत येणारी माणसं पाहून, त्यांना विचारून, कितीतरी जण रांगेत न शिरताच गाड्यांकडे वळले. त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. माझे दोन्ही गणक त्यांच्यासाठी एकदाही वाजले नाहीत. तिथे आलेल्या छायाचित्रकारांना इस्रायलने बांधलेल्या आठ मीटरच्या भिंतीवर शिडी लावणारी पोरं हवी असतात. गुडघे धरून पुन्हा गाडीत चढणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो कुणी घेत नाही.

बाराच्या थोडं आधी परत पाठवलेल्यांनी नाक्यासमोरच्या डांबरावर जानमाजा अंथरल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी पुठ्ठे, जाकिटं पसरली. ती बाई मागच्या ओळीत, पाठीमागे थांबलेल्या गाड्यांच्या रांगा. आमचा तक्ता साडेबाराला बंद होतो, पण मी थांबलो. तीननंतर माणसं जेरुसलेमहून येऊ लागली, पिशव्यांतून तिळाचे लांबट काअक, म्हणजे तिकडचे पाव, डोकावत होते. इफ्तार पावणेसहाला. तिचा नवरा साडेतीनला आला. तोवर ती त्याच खुर्चीवर बसून होती.

पुढच्या शुक्रवारी तक्त्याच्या उजव्या कडेला मी पेन्सिलीने सातवा रकाना आखला: ‘रांगेत न शिरता परतलेले’. त्यासाठी तिसरा गणक आणि गाड्यांच्या थांब्यापाशी उभा राहणारा आणखी एक माणूस लागणार होता. माणूस मिळाला नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं मी स्वतः तिकडे जाऊन उभा राहिलो. त्या रकान्यातले आकडे अपुरे आहेत, आणि तसं मी शेजारी लिहून ठेवलं आहे.