कागद गिरणीची सायडिंग

शनिवार

माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेसाठी रूळ आखणं बाजूला ठेवलं आणि आधी कारखाना ठरवला: कागद गिरणी. फळी १८० सेंटिमीटर लांब, ३० रुंद. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्या मापात साधारण दीडशे मीटर जागा. एवढ्यात गाडी गोल फिरवता येत नाही, आणि मला ती फिरवायचीही नाही. मला शंटिंग हवंय. आलेल्या वाघिणी नेमक्या दारासमोर लावायच्या, काम झालेल्या काढून न्यायच्या.

कागद गिरणीच का, तर एकाच कारखान्यात किती तऱ्हेच्या वाघिणी येतात! रद्दीचे आणि लगद्याचे गठ्ठे बंद वाघिणीतून. कागदाला गुळगुळीतपणा देणारी चिनी माती पाण्यात कालवून, टाकीच्या वाघिणीतून. रद्दीवरची शाई सोडवायला कॉस्टिक सोडा लागतो, तोही टाकीतूनच. बाहेर पडतात कागदाचे रोल, आणि त्यांच्यासाठी वाघीण कोरडी, स्वच्छ, आतून एकही खिळा वर न आलेली हवी. म्हणजे रद्दी उतरवून रिकामी झालेली वाघीण उचलून तशीच रोलच्या दाराला लावता येत नाही. ही एवढी एक अट मनापासून पाळली तरी फळीवरचं सगळं काम बदलतं.

सोमवार, रात्री

आराखडा इंगलनूक या शंटिंगच्या कोड्याचा घेतला. ब्रिटनमधल्या ॲलन राइट यांनी रूढ केलेला. तीन सायडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ, आणि दोन सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे फाटे, बस्स. लांब सायडिंगवर पाच वाघिणी, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन, आणि शंटिंग नेकवर, म्हणजे सांध्यांच्या अलीकडे मागेपुढे करायच्या रुळावर, इंजिन अधिक तीन वाघिणी मावतील एवढीच जागा. मूळ खेळात आठ वाघिणी असतात, त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. असे ६,७२० क्रम होऊ शकतात.

माझं माप बसतंय का ते पाहिलं. चाळीस फुटी वाघीण या प्रमाणात १४ सेंटिमीटर, कपलिंग धरून १५. पाचांना ७५, नेकला ६० (माझं इंजिनही साधारण १५ चं आहे), मधल्या सांध्याला २३ च्या आसपास. १५८ झाले. दोन्ही टोकांना बफर लावून थोडा श्वास घ्यायला जागा उरते.

जॉन ॲलन या अमेरिकन छांदिष्टाचा १९७२ चा ‘टाइमसेव्हर’ही पुन्हा नीट पाहिला. पाच सांधे, मध्ये इंजिनाला वाघिणींना वळसा घालून पलीकडे जायला दुहेरी रूळ, आणि घड्याळाशी शर्यत. डोक्याला खुराक म्हणून तो जबरदस्त आहे. पण मला घड्याळ नकोय. खऱ्या यार्डात घाई करणारा शंटर कुणालाच नको असतो, आणि इतकी अडचणीची मांडणी कुठलीही रेल्वे आपणहून करणार नाही.

इंगलनूकबद्दलही एक गोष्ट मनात घोळतेय. चिठ्ठी म्हणते हिरवी वाघीण तिसरी हवी. का हवी? गिरणीतल्या कुणी ती तिसरी मागितलेली नाही. चिठ्ठ्यांच्या जागी दारं आणली पाहिजेत. गिरणीच्या भिंतीलगतच्या छोट्या सायडिंगवर तीन दारं: सर्वांत आतलं एक नंबर रद्दीचं, दोन नंबर लगद्याचं, सांध्याजवळचं तीन नंबर रोलचं. दुसऱ्या छोट्या सायडिंगवर आत कॉस्टिकची नळी, तिच्या अलीकडे चिनी मातीची, आणि सांध्याकडची एक जागा मोकळी. लांब सायडिंग ही बाहेरच्या गाडीशी देवाणघेवाण करायची. रूळ तेच, वाघिणी तेवढ्याच, पण आता प्रत्येक हालचालीमागे मागणारा कुणीतरी आहे.

गुरुवार

आज फक्त वीज आणि वजन.

शंटिंगचं इंजिन छोटं, चार चाकांचं. सांध्यातला फ्रॉग, म्हणजे दोन आतले रूळ जिथे टोकदार होऊन मिळतात तो भाग, प्लॅस्टिकचा निर्जीव असला तर असं इंजिन तिथे हमखास अडकतं. वेगात जाणारी गाडी ती खाच ओलांडून जाते, पण इथे वेग हाच शत्रू. म्हणून धातूचे फ्रॉग घेतले आणि सांधा सरकवणाऱ्या दांडीलाच स्विच जोडला. सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूचा प्रवाह फ्रॉगला मिळतो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर दिली. दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यावर विजेसाठी विसंबायचं नाही, तो कालांतराने सैल पडतो.

वायरींना डाख (सोल्डर) लावल्यावर नखाने रुळाची आतली कड चाचपून पाहिली. जिथे बारीकसा थेंबही उभा राहिला होता तिथे कानस फिरवली. चाकाची कड अशा थेंबावर चढली की वाघीण अगदी किंचित उचलली जाते आणि ढकलताना तिथेच घसरते. ओढताना हे कळतही नाही. शंटिंगमध्ये निम्मा वेळ ढकलण्यात जातो, त्यामुळे ओढून पाहिलेला रूळ मी तपासलेला धरत नाही.

वजनासाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस पाळतेय: वाघिणीला एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझ्या साडेपाच इंची वाघिणीला पावणेचार औंस, म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम. आठही वाघिणी काट्यावर घालून आतून शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, जमेल तितक्या तळाशी. हलकी वाघीण कपलिंगला नुसता धक्का लागला तरी पळते, जोडली जातच नाही.

शनिवार

गिरणीची भिंत उभी राहिली. जाडी फक्त चार सेंटिमीटर. मागे सगळा देखावाच. पण लांबी मात्र जवळजवळ पूर्ण फळीभर, कारण कागदाचं यंत्रच लांबलचक असतं आणि ते ज्या शेडमध्ये बसतं ती शेडही. भिंत फळीच्या दोन्ही टोकांशी कापल्यासारखी सोडली आहे. गिरणी पुढेही आहे असं वाटावं म्हणून.

दारांपुढचे रूळ सिमेंटमध्ये बुडवले. दोन रुळांमध्ये प्लास्टर भरलं, चाकाच्या कडेपुरती फट ठेवली आणि वरची पातळी रुळाच्या माथ्यापेक्षा जराशी खालीच राखली. तसं नाही केलं तर रूळ पुसताना दर वेळी सिमेंट खरवडलं जातं आणि पांढरी पूड चाकांना लागते. नेकवर मात्र खडी. पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे तो खडीवर गोळा होऊन न राहता आत झिरपतो.

चिनी मातीच्या नळीखाली जमिनीवर पांढरट डाग दिले, रद्दीच्या दारापाशी कागदाचे कपटे, रोलच्या दारासमोर काहीच नाही. तिथली जमीन झाडलेली असणार.

रविवार

आज काम चालवलं. इंजिनाचा वेग माणसाच्या चालीवर आणला. ताशी पाच किलोमीटर म्हणजे या प्रमाणात सेकंदाला १.६ सेंटिमीटर. पूर्ण फळी ओलांडायला जवळपास दोन मिनिटं. इंजिनातल्या डीकोडरमध्ये, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकतीत, वेग घेण्याचा आणि थांबण्याचा वेळ वाढवला, त्यामुळे थांबायचं असेल तर आधीच ठरवावं लागतं. वाघिणी सोडवायला रुळाखाली चुंबक बसवता येतं, पण मी बांबूची काडी वापरते. दोन कपलिंगच्या मध्ये घालून हलकेच फिरवली की सुटतात. त्या जागी जमिनीवर एक माणूस उभा असतो, त्याचं काम हातानेच व्हावं असं मला वाटतं.

प्रसंग असा होता. एक नंबर दाराची रद्दी उतरवून झाली होती, लांब सायडिंगवर रद्दीची नवी वाघीण सर्वांत अलीकडे उभी होती. पण तीन नंबरला रोल भरणं अर्ध्यावर, आणि दोन नंबरचा लगदा अर्धा उतरवलेला. त्यांना हलवल्याशिवाय एक नंबर निघत नाही. खऱ्या गिरणीत अशा वेळी आधी माणसं बाहेर येतात, धक्का आणि वाघीण यांच्यामधली लोखंडी पाटी उचलली जाते, आतले रोल घट्ट अडवले जातात, दारं लागतात. मीही तेवढा वेळ इंजिन थांबवून ठेवलं.

मग तिन्ही वाघिणी एकत्र नेकवर ओढल्या. बरोबर तीनच मावतात. टोकाची रिकामी टाक्यांच्या सायडिंगवरच्या मोकळ्या जागी सोडली. उरलेल्या दोघींसकट लांब सायडिंगवर जाऊन रद्दीची नवी वाघीण टोकाला जोडली, परत नेक, आणि तिघी भिंतीलगत आत. नवी एक नंबरला, लगदा दोनला, रोल तीनला, ज्या दारासमोर होत्या तिथेच. शेवटी रिकामी उचलून लांब सायडिंगवर.

काही चमत्कारिक नव्हतं यात. पण रोलची वाघीण तिच्या दारासमोर पुन्हा तंतोतंत आली पाहिजे म्हणून मी शेवटचे दोन सेंटिमीटर वाकून, श्वास रोखून नेले. मला या फळीकडून हेच हवं होतं.

चिनी मातीची नवी टाकी लांब सायडिंगवरच राहिली आहे. जुनीला अजून नळी जोडलेली, ती रिकामी होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड ठेवलंय, तिच्या कार्डावर तसं लिहून ठेवलं. आणि दाराचे नंबर भिंतीवर रंगवायचे राहिलेत.