तुम्ही विचारलंत म्हणून: बातो त्या मुलीवर का खेकसतो?

दिग्दर्शक मामोरू ओशीचा ‘इनोसन्स’, म्हणजे ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी अॅनिमेशनपटाचा दुसरा भाग, पाहून झाला की प्रश्न ठरलेला असतो. एवढं अख्खं जहाज पालथं घालून मुलीला सोडवलं, मग तपास करणारा पोलीस बातो तिच्यावरच का डाफरतो? कुणाला तो दगड वाटतो, कुणाला वाटतं सबटायटल चुकलं. अमेरिकेतल्या पहिल्या डीव्हीडीवर कर्णबधिरांसाठीची सबटायटलं होती, पडद्याबाहेरच्या आवाजांसकट सगळं लिहिलेलं. त्यावर चिडलात तर ठीक. पण हा संवाद जपानीतही एवढाच कडक आहे.

सेक्शन ९ म्हणजे बातोचं पोलीस पथक, कुसानागी म्हणजे त्याची जुनी वरिष्ठ, पहिल्या सिनेमाच्या शेवटी शरीर सोडून नेटवर्कमध्ये गेलेली; याहून जास्त मी सांगत बसणार नाही. १९९५चा पहिला सिनेमा टाळून थेट २००४च्या या सिनेमात उडी मारणाऱ्यांनी तक्रारी घेऊन येऊ नये.

आधी केस नीट बघा. लोकस सोलस कंपनीच्या माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्र-बाहुल्या मालकांना मारतात आणि नंतर स्वतःलाही संपवतात. मृतांच्या घरच्यांनी कंपनीशी परस्पर तडजोड केलेली, खटला कुणीच भरलेला नाही. पाल चुकचुकते ती इथे. प्रयोगशाळेत पोलिसांची तज्ज्ञ हॅरावे दाखवते की घरकामाच्या यंत्राला ज्यांची काही गरज नाही असे अवयव या बाहुलीला आहेत, आणि तिच्या आत एक शेवटचा आवाज उरलाय: ‘वाचवा’. पुढे कंपनीचा माल तपासणारा माणूस मेलेला सापडतो. मग याकुझा म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळी, मग किम नावाच्या हॅकरचा वाडा, मग समुद्रातलं कारखाना-जहाज.

जहाजावर उलगडा होतो. पळवून आणलेल्या मुलींचे घोस्ट, म्हणजे त्यांचा जीव, त्यांची जाणीव, बाहुल्यांमध्ये उतरवले जातात. या घोस्ट-डबिंगवर बंदी आहे, कारण प्रत निकृष्ट निघते आणि मूळ मेंदू मरतो. त्या माल तपासणाऱ्या माणसाने मुलींसाठी बाहुल्यांच्या नैतिक संहितेत फेरफार केला: बाहुल्या माणसं मारू लागल्या की पोलीस येतीलच. आणि आलेच.

आता तो प्रसंग. सुटलेली मुलगी हे सगळं सांगते. बातो विचारतो, बळी जातील हे सुचलं नाही? आणि लगेच पुढे, माणसांचं नाही म्हणत मी; ज्यांच्यात जीव ओतला त्या बाहुल्यांचं काय होईल, हे सुचलं नाही? मुलगी रडत ओरडते, मला बाहुली व्हायचं नव्हतं! कुसानागी थंडपणे म्हणते की बाहुल्यांना आवाज असता तर त्यांनीही ओरडून सांगितलं असतं, आम्हाला माणूस व्हायचं नव्हतं.

संपूर्ण तपासात बाहुली म्हणजे मुद्देमाल. हत्यार म्हणा, पुरावा म्हणा, सदोष माल म्हणा. तिला मयतांच्या यादीत धरणारा बातो हा एकटा. त्याचा राग क्रौर्य नाही, हिशोब आहे, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो.

पण हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडा. सुरुवातीला गल्लीत बाहुली ‘वाचवा’ म्हणते, स्वतःचं आवरण फाडते, आणि तिच्यावर गोळी झाडतो तो हाच बातो. जहाजावर तो नि कुसानागी मिळून बाहुल्यांचा खच पाडतात. मग बोलायचा हक्क कसला? आणि त्या मुलीने दुसरं करायचं काय होतं? कुपीत डांबलेल्या पोराने अर्ज लिहायचा होता? तिचा ‘वाचवा’ दुसऱ्या कुठल्या वाटेने बाहेर पडला असता, ते मला सांगा.

माझ्यातला जुना वकील यावरही उठतो: बातोने गोळ्या घातल्या म्हणून तर त्याला ते ओझं ठाऊक आहे. असेलही. मग ते ओझं त्याने स्वतःकडे ठेवावं, नुकत्याच सुटलेल्या मुलीच्या डोक्यावर का ठेवावं? की तिथे ऐकून घेणारं दुसरं कुणीच नव्हतं म्हणून?

आणि कृपा करून कुसानागीचं वाक्य अंतिम उत्तर म्हणून माझ्या तोंडावर फेकू नका. ती बोलते एका उसन्या बाहुलीतून. उपग्रहावरून स्वतःचा जेमतेम एक तुकडा त्यात उतरवलेला, तेवढाच मावतो. काम झालं की ते शरीर तिथेच टाकून निघून जाते. बाहुल्यांची बाजू मांडतानाही एक बाहुली वापरून टाकलीच. ओशीला हा विरोधाभास दिसला नसेल, असं मी मानत नाही. बातोला दिसला का, यावर मात्र माझं स्वतःशीच भांडण चालू आहे.