दाराचं पॅड उघडायचं ते पावसाआधी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एप्रिल-मे आला की कोणी ना कोणी विचारतंच, गाडीच्या दाराचं आतलं पॅड घरी काढता येतं का, क्लिपा मोडत नाहीत का. येतं, आणि गोव्यात राहणाऱ्याने पावसाआधी एकदा तरी काढून आत बघावंच असं माझं ठाम मत आहे.

का ते आधी सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं की दाराच्या आत पाणी जातच नाही. जातं, प्रत्येक पावसात जातं. काच जिथून खाली उतरते त्या फटीतलं रबर बीडिंग सगळं पाणी अडवत नाही, ते काचेवरून आत ओघळतं, बाहेरच्या पत्र्याच्या आतून खाली येतं आणि दाराच्या तळाला दोन-तीन बारीक भोकं असतात तिथून बाहेर पडतं. गाडी बनवतानाच तशी सोय केलेली असते. आता आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यात गाडी आंब्याखाली नाहीतर फणसाखाली उभी, मग मोहोर, पानांचा चुरा आणि आपली तांबडी धूळ सगळं त्या फटीतून खाली जाऊन तळाला बसतं. साखळी-डिचोलीकडच्या, म्हणजे खाणपट्ट्यातल्या गाडीचं पॅड उघडलंत तर आतला गाळ कॉफीच्या चोथ्यासारखा निघतो, ओला, गडद लाल. भोकं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो, बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत बरंच खाल्लेलं असतं. किनाऱ्याकडे खाऱ्या वाऱ्यामुळे तर अजून लवकर. दार उघडता-मिटताना खळखळ आवाज आला तर समजून जा.

काढायचं कसं, तर आधी काच पूर्ण वर घ्या, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो, म्हणून कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सुटे असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. स्क्रू लपवलेले असतात, आतल्या हँडलच्या मागे छोटं झाकण असतं त्याच्याखाली, हाताने दार ओढतो त्या खळग्यात, कधी पॉवर विंडोच्या स्विचखाली, कधी आरशाच्या त्रिकोणी कव्हरमागे. पॅड सुटत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू नक्की राहिलेला आहे. हाताने फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे तारेची बारीक क्लिप असते, फडक्याची कड हँडलमागे घालून दोन्ही बाजूंनी घासली की ती सुटते, फक्त उडून कुठे जाते त्याच्यावर लक्ष ठेवा.

मग खालच्या कोपऱ्यातून सुरुवात. प्लास्टिकची पट्टी घ्या, स्क्रूड्रायव्हर नको, रंगाला चरा जातो. पट्टी अगदी क्लिपच्या जवळ घालायची आणि एकेक क्लिप सोडवत वर यायचं. सगळ्या सुटल्या की पॅड स्वतःकडे न ओढता सरळ वर उचला, कारण वरची कड काचेच्या फटीत अडकवलेली असते. पॅड हातात आलं तरी वायर आणि हँडलची केबल जोडलेलीच असते, ती सोडवल्याशिवाय लांब नेऊ नका. क्लिपांचं म्हणाल तर जुन्या गाडीत एखाददुसरी मोडणारच, त्याचं काही वाटून घेऊ नका, त्याच मापाच्या चार-पाच आधीच आणून ठेवा.

आणि आता खरी महत्त्वाची गोष्ट. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट गमाने चिकटवलेला. मेकॅनिक घाईत असला की हा टरकन फाडतो आणि तसाच सोडून देतो आणि मग जुलैमध्ये पायाखालचं कार्पेट ओलं, कुबट वास, आणि लोक सनरूफ नाहीतर एसीला दोष देतात. दाराच्या आतलं पाणी केबिनमध्ये येऊ न देणारा हा एवढाच कागद आहे. मे महिन्याच्या उन्हात तो गम मऊ होऊन ताणला जातो, म्हणून ब्लेडने गमाच्या मधून हळूहळू कापत या, गमाला बोट किंवा धूळ लावू नका, म्हणजे तोच परत दाबून बसतो. फाटला असेल तर नवीन जाड प्लास्टिक कापून लावा. त्याची खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी दारातच पडेल.

आत हात घालताना हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. गाळ काढा, भोकं केबल टायने खालून मोकळी करा, पूर्ण सुकू द्या, गंज ब्रशने घासून वॅक्सचा अँटी-रस्ट स्प्रे मारा, भोकं मात्र बुजवू नका. काच हळू चालते म्हणून मोटर बदलायला निघालेले कितीतरी जण भेटतात, आधी काचेच्या बाजूच्या रबराच्या खाचा पुसून सिलिकॉन स्प्रे मारून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. तेल किंवा ग्रीस तिथे नको, रबर फुगतं आणि धूळ धरतं.

परत लावताना पॅड दाबायच्या आधी सगळे कपलर आणि हँडलची केबल जोडा, मगच बॅटरी लावा, काच खाली-वर करा, लॉक आणि आतलं हँडल बघा, मग मगभर पाणी बंद काचेवर बाहेरून ओता आणि खाली भोकांतून टपकतंय का बघा. टपकलं की क्लिपा दाबा.

काच वर-खाली करणाऱ्या मशीनची केबल तुटली असेल किंवा तळाचा पत्रा बोटाने दाबला जात असेल तर मात्र घरी खटाटोप नको, पहिलं काम मेकॅनिकचं, दुसरं डेन्टरचं, आणि तेही जून लागायच्या आत.