गरम पाणी उशिरा येतं

गेल्या दोन वर्षांच्या रजिस्टरमध्ये त्या मजल्यावरच्या गरम पाण्याचं तापमान एकदाही ५५ अंशांच्या खाली गेलेलं नाही. ५६, ५७, ५६, एकदा ५८. दर महिन्याच्या नोंदीखाली माझी सही आहे. आकडे खरे आहेत. थर्मामीटर वेळेवर कॅलिब्रेट होतो आणि ज्या मुलाने ते घेतले तो कामचुकार नाही. तरीही त्याच मजल्यावरच्या एका बाथरूमच्या लाइनीत लिजिओनेला हा जंतू वाढत होता. कसा, ते आता मला नीट माहीत आहे, पण तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

मी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात काम करते. पाण्याची तपासणी म्हटलं की लोकांना पिण्याचं पाणीच आठवतं. लिजिओनेलाची मुख्य वाट वेगळी आहे. शॉवरचे बारीक तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथे न्यूमोनिया होतो. धडधाकट माणसाला बहुधा काहीच होत नाही. केमोथेरपी चाललेल्या पेशंटचं तसं नसतं. हा जंतू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, म्हणजे आपल्या अंगाला जे पाणी सुखाचं वाटतं तेच त्यालाही मानवतं. ६० अंशांना तो काही मिनिटांत मरतो. म्हणून टाकीत ६० आणि नळ उघडल्यावर मिनिटभरात ५५, हा नियम. ब्रिटनमधल्या रुग्णालयांसाठीच्या सूचनांत हेच आकडे आहेत आणि आम्हीही तेच धरतो. दर महिन्याला प्रत्येक नळ मोजणं शक्य नसतं, तेव्हा प्रत्येक लाइनीवरचा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा असे दोन नळ ठरवतात. त्यांना सेंटिनल म्हणतात, पहारेकरी.

त्या आठवड्यात रक्ताच्या कर्करोगाच्या एका पेशंटला दाखल झाल्यापासून सहाव्या दिवशी ताप आला आणि एक्स-रेत न्यूमोनिया दिसला. लघवीतली लिजिओनेला अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली. वॉर्डच्या डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, 'लिजिओनेला नाही.' हे वाक्य मी इतक्या फाइलींत वाचलं आहे की आता चीड येते. ती चाचणी मुख्यतः सेरोग्रुप १, म्हणजे या जंतूचा एकच उपप्रकार, पकडते. बाकीचे सेरोग्रुप तिच्या हातून बहुतेक निसटतात आणि अशक्त पेशंटमध्ये नेमके तेच सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मी फोन करून फुप्फुसातल्या द्रवाची पीसीआर आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, मागितलं. डॉक्टरांनी सुदैवाने लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आधीच सुरू केलं होतं. पेशंटच्या दृष्टीने ते उत्तम झालं. माझ्या कल्चरच्या दृष्टीने तेव्हाच उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी त्या बाथरूममध्ये होते. वेळ पहाटेचीच लागते, कारण पहिला नमुना रात्रभर साचलेल्या पाण्याचा हवा. कोणी हात धुतला तरी तो वाया जातो. एक लिटरची निर्जंतुक बाटली, आत सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन असेल तर तिथेच निकामी होतं. ती बाटली विसळायची नसते. नवीन माणूस हमखास विसळतो आणि थायोसल्फेट धुऊन टाकतो. शॉवरखाली बाटली सरळ धरली तर तुषार आपल्याच नाकात जातात. म्हणून शॉवरच्या तोंडाला निर्जंतुक पिशवी बांधायची, तिचा खालचा कोपरा कापायचा आणि धार त्यातून बाटलीत सोडायची. एक नमुना लगेच घ्यायचा, दुसरा पाणी वाहू देऊन. पहिला नळाबद्दल सांगतो, दुसरा त्यामागच्या पाइपाबद्दल.

तापमान शॉवरच्या धारेत मोजून उपयोग नव्हता. पेशंटला भाजू नये म्हणून तिथे मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे धार ४१ च्या आसपासच असणार. मी व्हॉल्व्हचं झाकण काढून मागच्या गरम पाइपाला थर्मामीटरचा प्रोब लावला. एका मिनिटानंतर ४१. तीन मिनिटांनंतर ४६. पुढे चढेना.

रात्रपाळीच्या सिस्टर दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, इथे गरम पाणी उशिराच येतं. आम्ही लिहून दिलंय की."

कुठे लिहून दिलंय? तर मेंटेनन्सच्या तक्रार वहीत. मी ती वही आयुष्यात कधी उघडली नव्हती. तापमानाचं रजिस्टर माझ्याकडे येतं, तक्रार वही येत नाही. सात महिन्यांत तीन नोंदी होत्या, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जवळजवळ त्याच शब्दांत: 'शेवटच्या खोलीत गरम पाणी उशिरा येतं.' तिन्हींपुढे 'काम पूर्ण'. कोणीतरी येऊन मिक्सिंग व्हॉल्व्ह थोडा गरमकडे फिरवून गेलं होतं. पेशंटची गैरसोय, एवढाच त्या तक्रारीचा अर्थ लावला गेला. ज्या बायकांनी ती लिहिली त्यांनी एका ओळीत अख्खं निदान केलं होतं, आणि आम्ही त्यांना ताप मोजायला आणि सलाइन लावायला शिकवतो, पण पाण्याबद्दल एक शब्द विचारत नाही.

प्लंबर काकांना घेऊन मी छताच्या वरच्या पोकळीत चढले. काका निवृत्तीला आले आहेत आणि इमारतीचे पाइप त्यांना नकाशापेक्षा जास्त पाठ आहेत. मजल्याचं नूतनीकरण झालं तेव्हा टोकाला दोन खोल्या वाढवल्या होत्या आणि त्यांच्यासाठी गरम पाण्याची नवी शाखा काढली होती. पाणी एका पाइपातून जातं आणि वापरलं नाही तर रिटर्न पाइपातून पुन्हा टाकीकडे येतं. सतत फिरतं म्हणून गरम राहतं. काकांनी आधी मुख्य रिटर्नला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग वाकून नव्या शाखेचा रिटर्न मुठीत धरला. धरला आणि सोडलाच नाही. तसंच माझ्याकडे बघत राहिले. मला प्रोब काढायची गरज पडली नाही, पण काढला: ३४.

त्या शाखेवरचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे शाखांत पाणी नीट वाटणारा व्हॉल्व्ह, जवळपास बंद होता. काम संपवून जाताना ठेकेदाराच्या माणसांनी तो उघडून सेट केलाच नव्हता. पाणी सोप्या वाटेने जातं, त्यामुळे बाकीच्या शाखांत ते छान फिरत होतं आणि ही शाखा नुसती भरून उभी होती. खाली पंपाजवळच्या एकत्रित रिटर्नवर ५४ दिसायचे. इतक्या गरम धारांत एक बारीक कोमट धार मिसळली तर थर्मामीटरला पत्ताही लागत नाही. आणि आमचा लांबचा पहारेकरी नळ? तो नूतनीकरणाआधी सगळ्यात लांब होता. आता त्याच्यापुढे दोन खोल्या होत्या. पहाऱ्याची जागा बदलायची यादी माझ्या टेबलावरून जाते. ती मी बदलली नव्हती.

त्याच शाखेवर जुन्या टबचं कनेक्शन होतं. टब गेला, पाइप टोपी लावून तसाच ठेवला, हातभर लांब. काकांनी तो हॅकसॉने कापला. आतल्या भिंतीला तपकिरी, बुळबुळीत थर होता. बोट फिरवलं की चिखलासारखा निघायचा आणि खाली गंजाचे कण राहायचे. याच थरात अमीबा राहतात, आणि लिजिओनेला अमीबांच्या पोटात वाढतो. नुसतं क्लोरीन ओतून हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

रिपोर्ट येईपर्यंत थांबावं, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. "एका बाथरूमसाठी इतकं?" हा प्रश्न मला बैठकीत तीनदा ऐकावा लागला. कल्चरला दहा दिवसांपर्यंत लागतात, आणि तोवर त्या खोल्यांत पेशंट अंघोळ करणार होते. मी दोन्ही शॉवर त्याच दिवशी बंद करून घेतले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना आणि बेसिनच्या नळांना ०.२ मायक्रॉनचे फिल्टर बसवले. इंजिनियर सर माझ्या बाजूने बोलले, हे इथे नोंदवायलाच हवं. विजेचं बिल कमी करा म्हणून टाकीचं तापमान उतरवायचा दबाव त्यांच्यावर सतत असतो आणि ते तो एकटे झेलतात.

पाणी गाळून, ॲसिड आणि उष्णतेची प्रक्रिया करून प्लेट्स लावल्या. हा जंतू साध्या माध्यमावर उगवतच नाही, त्याला सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि लोह लागतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात साथ आली तेव्हा कित्येक महिने कारण सापडलं नाही, आणि सीडीसी या अमेरिकन आरोग्य संस्थेतल्या मॅकडेड व शेपर्ड यांना जंतू सापडल्याचं जाहीर झालं ते १९७७ च्या जानेवारीत. प्लेट रिकामी दिसते आणि जंतू मात्र हजर असतो. तिसऱ्या दिवशी माझ्याही प्लेटवर काही नव्हतं. पाचव्या दिवशी कोळसा घातलेल्या काळ्या अगार माध्यमावर करड्या निळसर वसाहती होत्या, तिरप्या उजेडात दळलेल्या काचेसारख्या. सिस्टीन नसलेल्या प्लेटवर त्या उगवल्या नाहीत. उपप्रकार ओळखायच्या लॅटेक्स चाचणीत सेरोग्रुप २ ते १४ च्या थेंबात गुठळ्या झाल्या, १ च्या थेंबात नाहीत. पहिल्या नमुन्यात लिटरमागे ११०० वसाहती, वाहत्या पाण्याच्या नमुन्यात ६४००. वाहू दिल्यावर आकडा वाढला, म्हणजे दोष नळात नव्हता, मागच्या लाइनीत होता. काकांची मूठ हेच सांगत होती.

व्हॉल्व्ह उघडला, टोपी लावलेला मेलेला पाइप मुळापासून काढला, एका रात्री दोन्ही खोल्या रिकाम्या करून टाकी ७० वर नेली आणि प्रत्येक नळातून ६० च्या वरचं पाणी पाच मिनिटं सोडलं. नंतरचे नमुने स्वच्छ आले. आता तक्रार वही दर सोमवारी माझ्याकडे येते आणि सेंटिनलच्या यादीत शेवटची खोली आहे.

पेशंटची पीसीआर लिजिओनेला न्यूमोफिलाला पॉझिटिव्ह आली. कल्चर उगवलं नाही आणि टायपिंगला, म्हणजे पेशंटमधला आणि पाण्यातला जंतू एकच का हे ताडायला, पुरेसं डीएनए मिळालं नाही. आजार पिकायला बहुधा २ ते १० दिवस लागतात आणि ते दाखल होऊन सहाच दिवस झाले होते, त्यामुळे संसर्ग बाहेरचाही असू शकतो. अहवालात मी 'रुग्णालयातून झाल्याची शक्यता' असं लिहिलं. त्याहून जास्त लिहायला माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि त्याहून कमी लिहावं असं मला दोन जणांनी सुचवलं होतं.

ते बरे होऊन घरी जाणार होते त्या सकाळी त्यांच्या मुलाने मला वॉर्डात गाठलं. "आमच्या बाबांना इथल्या पाण्याने झालं का?"

मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही."

"मग शॉवरला ते पांढरं काय लावलंय?"

मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं: व्हॉल्व्ह, हातभर पाइप, ३४ अंश, सहा दिवसांचा हिशोब. वहीतल्या तीन नोंदीही सांगितल्या. तो चिडेल अशी माझी तयारी होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेजारच्या खोलीतही लावलंय ना?"

लावलं होतं. मी त्याला नेऊन दाखवलं.