भट्टीतून निघालेलं पिवळं पान

ऑगस्टात इकडे येऊ नकोस, उकाड्यानं हैराण होशील, असं मावसभावानं बजावलं होतं. पण तंबाखूची तोडणी आणि पान वाळवायच्या भट्ट्या बघायच्या तर अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात हाच महिना. भाऊ रॅलेजवळच्या केरीत राहतो. इतकी वर्षं तिथं काढूनही त्यानं तंबाखूचं पान हातात धरलेलं नव्हतं. माझं आजोळ निपाणीकडचं. वखारीचा तो खाट, शिंका आणणारा वास माझ्या लहानपणीचा.

पहिल्यांदा गेलो डरहॅमच्या ड्यूक होमस्टेडला, म्हणजे ड्यूक घराण्याच्या जपून ठेवलेल्या जुन्या मळ्यावर. यादवी युद्ध संपल्यावर 1865 साली वॉशिंग्टन ड्यूक नावाचा शेतकरी इथं परतला आणि घरच्या तंबाखूचा चुरा करून पिशव्या विकू लागला. ब्रँडचं नाव ‘प्रो बोनो पब्लिको’, म्हणजे लोकहितार्थ! हे वाचून मी इतक्या मोठ्यानं हसले की बाकीचे पाहुणे वळून बघू लागले.

आवारात लाकडी ओंडक्यांची जुनी भट्टी आहे. वर बघितलं की आडव्या बल्ल्यांचे मजल्यावर मजले, त्यांवर काठ्या टेकवायच्या आणि काठ्यांना पानांच्या जुड्या. जाळ बाहेरच्या चुलाण्यात. आत जमिनीलगत पत्र्याचे नळ फिरवलेले, त्यांतून नुसती ऊब येते, धूर पानाला लागत नाही. आधी अडतीस-चाळीस अंशांवर पान पिवळं होऊ द्यायचं, मग उष्णता चढवत सत्तरच्या पुढे नेऊन देठ वाळवायचा. सगळा प्रकार आठवडाभराचा, आणि त्या काळी माणसं रात्री भट्टीशीच झोपत.

उष्णता चढवून पान पिवळं करायची ही युक्ती कुणाची, तर स्टीफन स्लेडची. कॅसवेल काउंटीतल्या एका मळ्यावरचा हा गुलाम मुलगा. 1839 साली भट्टी राखताना त्याला डुलकी लागली, जाळ विझत आला. घाईघाईनं त्यानं लोहारकामाचा कोळसा घातला, आणि त्या एकदम चढलेल्या उष्णतेनं पानं पिकल्या केळीसारखी पिवळीधमक निघाली. कथा अशीच सांगतात. पैसा अर्थातच मालकाला मिळाला.

या पिवळ्या पानानं काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. उष्णतेनं पानातली साखर टिकते, त्यामुळे धूर आम्लधर्मी आणि सौम्य होतो. सिगारचा धूर अल्कलीधर्मी, त्यातलं निकोटिन तोंडातच भिनतं, छातीत ओढायची गरज नसते. पिवळ्या पानाच्या धुरातलं निकोटिन गालात फारसं भिनत नाही, म्हणून तो छातीत ओढावा लागतो आणि सौम्य असल्यानं ओढताही येतो. आपल्याकडे तळहातावर चुना मळतात तेही हेच रसायनशास्त्र, फक्त उलट्या बाजूनं. चुन्यानं तंबाखू अल्कलीधर्मी होते आणि निकोटिन गालातून थेट रक्तात. त्यांचा कर्करोग फुप्फुसात आणि आपला तोंडात, याचं बरंचसं उत्तर मला त्या ओंडक्यांच्या खोलीत मिळालं.

पुढचं काम यंत्रानं केलं. हातानं सिगारेटी वळणारा दिवसाला दोन-तीन हजार वळायचा. जेम्स बोनसॅकचं यंत्र लाखाच्या वर. ड्यूकचा मुलगा जेम्स यानं ते 1884 साली बसवलं, 1890 मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली, आणि ती इतकी फुगली की 1911 साली सर्वोच्च न्यायालयानं तिचे तुकडे करायला लावले. ड्यूक विद्यापीठ याच पैशावर उभं आहे. त्याच्या आवारात आता सिगारेट ओढायला बंदी आहे. गावातल्या जुन्या कारखान्यात कचेऱ्या आणि उपाहारगृहं थाटली आहेत. लकी स्ट्राइक या सिगारेटचं नाव रंगवलेलं धुराडं तेवढं जपून ठेवलंय. तिथं आम्ही पिझ्झा खाल्ला, तो बेताचाच होता.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला विल्सन काउंटीत एका ओळखीच्या ओळखीनं मळ्यावर गेलो. झाडं माझ्या डोक्याच्या वर. शेंडे खुडलेले, कारण फूल आलं की पानाचा जोर जातो. खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात, तेही काढावे लागतात. पानं खालून वर, जशी पिकतील तशी तीन-चार खेपांत तोडतात. मी एक पान मोडलं, तर बोटांना काळा चिकटा लागला, तो साबणानंही धड निघेना. मजूर मेक्सिकोतून हंगामी व्हिसावर आलेले. सकाळी दव असताना ते प्लॅस्टिकचे कोट चढवतात, कारण ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं आणि चक्कर, उलट्या सुरू होतात. त्या उकाड्यात प्लॅस्टिक! पण न घातलं तर दिवसभर आडवं पडायची पाळी.

ओंडक्यांच्या भट्ट्या आता नाहीत. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, आत गॅस आणि पंखे. दार उघडलं तेव्हा वास आला तो वाळल्या गवताचा, गोडसर. निपाणीशी त्याचं काही नातं लागेना.

हे पान मुख्यतः सिगारेटीत जातं. सोबत केंटकीची बर्ली जातीची तंबाखू असते, ती हवेशीर कोठारात सावकाश वाळवतात. तिच्यात साखर उरत नाही, त्यामुळे ती वरून घातलेले स्वाद छान शोषते. पश्चिम केंटकीतली धुरावर भाजलेली काळी तंबाखू तपकीर आणि चघळण्यासाठी, कनेक्टिकटमध्ये कापडाच्या सावलीत वाढवलेलं पातळ पान सिगारच्या वेष्टनासाठी. तंबाखूची एक ऑस्ट्रेलियन बहीण तर औषधाला लागते. तिच्या पानांत तयार केलेल्या कोविड लसीला कॅनडानं 2022 मध्ये मान्यता दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र ती अडवली, कारण ती बनवणाऱ्या कंपनीत फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा पैसा होता.

मळेवाले काका सत्तरीचे. 1938 पासून कोटा होता, म्हणाले, कुणी किती पिकवायची ते ठरलेलं आणि भावाची हमी. 2004 साली सरकारनं कोटा मोडला, मोबदला दिला, बऱ्याच शेजाऱ्यांनी तो घेऊन तंबाखू सोडली. लिलावाचे वाडे बंद पडले. आता कंपनीशी करार, प्रत आणि भाव कंपनीचाच माणूस ठरवतो.

“आणि त्यानं कमी प्रत लावली तर?” भावानं विचारलं.

“तर गाठोडं परत घरी.”

यंदा करार कमी पौंडांचा मिळालाय, म्हणून त्यांनी उरलेल्या रानात रताळी लावली आहेत.